फी, भाकरी आणि तारीख

नगर-मनमाड रस्त्याने राहुरी मागे टाकली की काही वेळाने प्रवरेचा पूल येतो. पुलाच्या दक्षिणेला कोल्हार खुर्द, उत्तरेला कोल्हार बुद्रुक. भगवतीदेवीचे ठाणे म्हणून या दुसऱ्या गावाला कोल्हार-भगवतीपूर असेही म्हणतात. नदी एक आणि गावाचे नावही एकच, पण खुर्दचा तालुका राहुरी आणि बुद्रुकचा राहाता. त्यामुळे बारावीचा निकाल लागल्यावर एका काठच्या मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर राहुरीच्या तहसीलदाराची सही लागते, तर समोरच्या काठच्या मुलीच्या दाखल्यावर राहात्याच्या.

त्या दाखल्याबरोबर रेशनकार्ड, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, आधार आणि आधारशी जोडलेले बँक खाते, अशी एक फाइल तयार होते. घरात जून-जुलै महिन्यांत ती फाइल देवासारखी जपली जाते. पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि हाताशी असावी म्हणून कपाटात सगळ्यांत वर. ती फाइल आली कुठून, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

गरीब घरच्या मुलाला कॉलेजात जायचे तर तीन गोष्टी लागतात. पहिली फी. दुसरी भाकरी, म्हणजे शिकत असताना राहण्या-जेवण्याची सोय. तिसरी गोष्ट कुणी मोजत नाही, ती म्हणजे तारीख. पैसे किती मिळतात याइतकेच ते कधी मिळतात यालाही महत्त्व असते. महाराष्ट्रात गरीब विद्यार्थ्यांना मदत करण्याच्या ज्या ज्या रीती झाल्या, त्या या तीन कसोट्यांवर लावून पाहिल्या तर एक वेगळाच हिशेब हाती येतो.

झोळी आणि वार

१८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. आज ज्या गावाला आपण श्रीरामपूर म्हणतो तिथल्या बेलापूर स्टेशनापर्यंत बैलगाडीने जायचे आणि दौंडमार्गे पुणे गाठायचे, अशी वाट कोल्हारच्या मुलासाठी खुली झाली. वाट झाली, पण त्या वाटेने कोण जाऊ शकत होते? नगर जिल्ह्यात कॉलेज नव्हते. ते व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले तेव्हा. तोवर उच्च शिक्षण म्हणजे पुणे किंवा मुंबई, पुढे फार तर नाशिक.

गरीब ब्राह्मण मुलासाठी पुण्यात एक जुनी व्यवस्था होती. दुपारी झोळी घेऊन ठरलेल्या घरी जायचे आणि शिजलेले अन्न घेऊन यायचे, ही मधुकरी. किंवा सात घरी सात वार लावायचे. सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी उपास. आठवणींच्या पुस्तकांतून या दिवसांविषयी पुष्कळ हळवे लिहून आले आहे. त्यात पंक्तीच्या टोकाला बसण्याचा संकोच आहे, ताटात काय पडेल याची धाकधूक आहे, आणि एखाद्या घरच्या माऊलीने मायेने वाढलेले तूपही आहे. पण आपल्या तीन कसोट्यांवर पाहिले तर ही व्यवस्था भाकरी देत होती, तीही रोजच्या रोज. फीची सोय वेगळी पाहावी लागे. आणि मुख्य म्हणजे, दार उघडायचे की नाही हे जात पाहून ठरत होते.

फीची सोय बहुधा घरच करी. गोपाळ कृष्ण गोखले यांचे थोरले बंधू गोविंदराव यांना वडिलांच्या मागे पंधरा रुपयांची नोकरी होती. त्यातले आठ रुपये ते गोपाळरावांच्या शिक्षणाला पाठवत आणि उरलेल्या सातांत घर चालवत. गोखले १८८४ साली बी. ए. झाले. एकाने शिकावे म्हणून दुसऱ्याने शिक्षण सोडायचे, ही शिष्यवृत्ती कुठल्याही सरकारी कागदावर नसते. आजही कोल्हारच्या परिसरात धाकट्याच्या डिप्लोमासाठी थोरला ट्रॅक्टर चालवताना दिसतो, आणि कधी भावाच्या प्रवेशासाठी बहिणीचे कॉलेज वर्षभर पुढे ढकलले जाते, ते कायमचेच.

कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला मात्र मधुकरीही नव्हती आणि पंधरा रुपयांचा नोकरदार भाऊही नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर नेमके बोट ठेवले. चढाओढीने गुण मिळवणाऱ्याला शिष्यवृत्ती द्यायची, ही पद्धत वरून न्यायाची दिसते, पण तिने खालच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वर्गांत शिक्षणाची वाढ झालेली नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या राखाव्यात, अशी त्यांची मागणी होती. गुणवत्ता की गरज, हा वाद आपल्याकडे सुरू झाला तो असा, आणि अजून मिटलेला नाही.

बोर्डिंगची पंगत

फुल्यांच्या मागणीचे उत्तर आधी संस्थानांतून आले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची सुरुवात केली. पुढच्या काळात जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग झाले. महाराजांना एक गोष्ट कळली होती. खेड्यातल्या मुलाला शाळा-कॉलेजची फी माफ केली तरी तो शहरात राहणार कुठे आणि जेवणार काय? त्यांनी आधी भाकरीचा प्रश्न हाती घेतला.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांना बी. ए.साठी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्यासाठी परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत घेऊन आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज काढून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. एवढ्या असामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्याची तीन वर्षे केवळ एका मुदतीने खाल्ली. तारीख हा तिसरा घटक किती निष्ठुर असतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या इतिहासात शोधावे लागणार नाही.

फी आणि भाकरी यांची सांगड घालणारा माणूस मात्र संस्थानिक नव्हता. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला नेली. तिथल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव दिले गेले. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पण दागिने एकदाच मोडता येतात. रोजच्या धान्यासाठी भाऊरावांनी मुष्टिफंड काढला. दळायला बसण्याआधी प्रत्येक घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते बोर्डिंगला द्यायचे.

मुष्टिफंडाकडे आपण दानधर्म म्हणून पाहतो. मला त्यात हिशेबाची मोठी समज दिसते. मूठ लहान असते, पण रोज येते. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ योजनेने हीच समज कॉलेजपर्यंत नेली. मुलांनी शेतात, बांधकामावर काम करायचे आणि त्यातून शिक्षण व जेवण भागवायचे. अमेरिकेत विद्यार्थ्यांना कामाच्या मोबदल्यात शिकवण्याची केंद्र सरकारची योजना १९६४ साली कायद्याने आली. साताऱ्याच्या माळावर ती त्याच्या सतरा वर्षे आधी चालू होती.

या योजनेलाही एक बाजू होती जी गौरवाच्या भाषणात येत नाही. सुखवस्तू घरचा मुलगा ज्या वेळात अभ्यास करतो त्या वेळात गरिबाच्या मुलाने घमेली उचलायची, हा सौदा समान नव्हता. भाऊरावांच्या हयातीत तो उपाशी राहण्यापेक्षा कितीतरी सन्मानाचा होता, म्हणून मुलांनी तो आनंदाने पत्करला. आज पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतूनही ‘कमवा व शिका’ चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात मुले ठरावीक तास काम करतात. त्यांच्याकडे कौतुकाने पाहताना हे लक्षात ठेवलेले बरे की ती वेळही पैशाच्या जागी भरत आहेत.

१९४४

दुसरे महायुद्ध संपत आले असताना अमेरिकेने १९४४ साली परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. त्यात कॉलेजची फी सरकारने भरायची आणि वर एकट्या विद्यार्थ्याला महिना पन्नास डॉलर निर्वाहासाठी द्यायचे, अशी तरतूद होती. त्याच साली इकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांतून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. सुरुवातीची तरतूद वर्षाला तीन लाख रुपयांची होती. १९४८ पासून अनुसूचित जमातींचाही तिच्यात समावेश झाला.

पुढे ‘जीओआय’ या नावाने कॉलेजच्या नोटीसबोर्डावर ओळखली जाऊ लागलेली ही शिष्यवृत्ती वेगळी होती. तिच्यात फीही होती आणि निर्वाह भत्ताही. कुणा महाराजांची मर्जी नाही, करार नाही, कुणाच्या उंबऱ्यावर उभे राहणे नाही. आंबेडकरांनी स्वतः जे भोगले होते त्यातून शिकून हे घडले असे म्हणायला हरकत नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू करताना त्यांनी नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, तेही याच अनुभवातून. भाकरी पहिल्यांदाच हक्काच्या कागदावर आली.

उसाचे पैसे

कोल्हारच्या शिवारात याच सुमारास दुसरा इतिहास घडत होता. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले होते. प्रवरेच्या कालव्यांनी दुष्काळी पट्ट्यात ऊस आणला. कोल्हारशेजारच्या लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव स्वतः फारसे शिकलेले नव्हते. कारखान्याच्या पाठोपाठ १९६४ साली प्रवरेची शिक्षण संस्था आली. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांत उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम शिक्षणासारख्या कामांना कापून घेण्याची पद्धत रुळली. साताऱ्याची मूठ इथे टनावर मोजली जाऊ लागली.

याच काळात सरकारनेही मोठे पाऊल उचलले. १९५९ साली, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना फीमाफी मिळाली. ‘ईबीसी’ हा शब्द मराठी घरांत तेव्हा शिरला तो आजतागायत. उत्पन्नाची मर्यादा पुढे वर्षाला १२०० रुपये झाली. जात कुठलीही असो, घर गरीब असेल तर फी माफ. संगमनेरला १९६१ साली कॉलेज झाले, श्रीरामपूरला रयतचे कॉलेज आले. पुण्याच्या वाटेवरचा मुलगा आता सायकलीवर कॉलेजला जाऊ लागला, आणि संध्याकाळी घरची भाकरी खाऊ लागला. शेतकऱ्यांच्या घरातली पदवीधरांची पहिली पिढी घडली ती या दोन गोष्टींनी: फी माफ झाली आणि कॉलेज भाकरीजवळ आले.

ईबीसीने एक नवे कामही लावून दिले. गरिबी आता कागदाने सिद्ध करायची होती. मास्तरांचा पगार कागदावर असे, शेतकऱ्याचे उत्पन्न तलाठ्याच्या अंदाजात. कुणाला हा अंदाज सोयीचा गेला, कुणाला गैरसोयीचा. नापास झाला की सवलत गेली, म्हणजे आजारपणाने किंवा सुगीच्या कामाने वर्ष वाया गेलेल्या मुलाचे शिक्षणही गेले. फाइल जन्माला आली ती इथे.

आणि उसाच्या पैशात सगळ्यांचा वाटा नव्हता. बिलातली कपात सभासद शेतकऱ्याची. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे शेअर नाही. पाथर्डीहून, बीडहून कोयता घेऊन येणाऱ्या माणसाने तोच ऊस तोडला, पण त्याची मुले फडाच्या कडेला कोपीत राहिली आणि हंगामागणिक शाळेतून गळत गेली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली ती २०२१ साली. कारखाना सुरू झाल्याला तेव्हा सत्तर वर्षे होऊन गेली होती.

विनाअनुदानित

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. ग्रामीण भागात इंजिनीअरिंग, पाठोपाठ मेडिकल कॉलेजे उभी राहिली. लोणीतही दोन्ही आली. शिक्षण कधी नव्हे इतके जवळ आले आणि कधी नव्हे इतके महागही झाले. ईबीसीची रचना अनुदानित कॉलेजच्या माफक फीसाठी होती. नव्या फीपुढे ती तोकडी पडली. कोल्हारच्या शेतमजुराच्या घरातून कॉलेजची इमारत सायकलच्या अंतरावर होती, पण तिच्या फीचा आकडा घरच्या वर्षाच्या मजुरीहून मोठा होता.

तेव्हापासून सरकार आणि फी यांची शर्यत चालू आहे. मागासवर्गीयांसाठी फीची प्रतिपूर्ती आली, खुल्या वर्गातील गरिबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आली, उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांवर गेली. त्यात मुलाला शिक्षण शुल्काचा अर्धा भाग मिळे, उरलेला अर्धा घरचा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या घरातील मुलींना, सरकारी प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर, पूर्ण शुल्क माफ झाले. हा निर्णय लहान नाही. भावासाठी बहिणीचे कॉलेज थांबवण्याचे एक कारण त्याने काढून घेतले.

भाकरीसाठीही योजना आल्या. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्याला स्वाधार. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. कागदावर पाहिले तर फी आहे, भाकरी आहे. दीडशे वर्षांत मिळवलेली ही कमाई आहे आणि ती फुल्यांच्या निवेदनापासून मोजायला हवी.

तारीख

राहिली तारीख. २०१७-१८ पासून राज्याच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवर गेल्या. दलाल कमी झाले, पैसे थेट खात्यात येऊ लागले, हे खरे. पण प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतो आणि शिष्यवृत्तीचा हप्ता पुढच्या वर्षी कधीतरी पडतो. मधल्या काळात कॉलेजला काहीतरी भरावे लागते, खोलीचे भाडे, खानावळीचा महिना, पुस्तके, एसटीचा पास भागवावा लागतो. ज्याच्या घरी वर्षभर थांबण्याइतके पैसे आहेत त्याला या योजनेचा पुरता लाभ मिळतो. ज्याच्या घरी नाहीत तो आधी व्याजाने काढतो, मग शिष्यवृत्तीची वाट पाहतो. आलेल्या रकमेतून सावकाराचे व्याज गेले की सरकारने दिलेली मदत कुणाच्या घरात गेली, हा प्रश्न विचारायला हवा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२०-२१ पासून केंद्र-राज्य वाटा ६०:४० झाला आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागला. दोन सरकारांचे पैसे दोन वेळी येतात. त्यात फीचा भाग असतो, तो विद्यार्थ्याने कॉलेजला भरायचा, आणि निर्वाहाचा भाग असतो, तो स्वतःसाठी. अडीच लाखांच्या आत वर्षाचे उत्पन्न असलेल्या घरात उशिराने एकदम रक्कम आली आणि त्याच आठवड्यात कुणी दवाखान्यात असले, तर कॉलेजची फी कुठे जाईल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. मग परीक्षेच्या तोंडावर थकबाकीच्या यादीत नाव येते आणि पैसे खाल्ले असा बोल त्या मुलीलाच ऐकावा लागतो.

मधुकरीत अपमान होता, जातीची भिंत होती, तिच्याकडे परत जायचे नाही. पण त्या व्यवस्थेला एक गोष्ट कळत होती की भूक आज दुपारी लागते. भाऊरावांच्या मुष्टिफंडालाही ती कळत होती. हक्काच्या व्यवस्थेने अपमान काढला, भिंत पाडली, रक्कम वाढवली आणि दुपारचा विचार मात्र सोडून दिला. सरकारी नोकराचा पगार एक तारखेला होतो, कारण त्याचे घर महिन्याच्या महिन्याला चालते हे सरकारला मान्य आहे. विद्यार्थ्याचे पोटही महिन्याच्या महिन्यालाच चालते. निर्वाह भत्ता दरमहा ठरल्या तारखेला आणि फी प्रवेशाच्या दिवशी थेट कॉलेजला, एवढी साधी मागणी आहे. तिला नवी योजना नको, नवे नावही नको.

कोल्हारच्या पुलावरून आता मुलींच्या सायकली आणि कॉलेजच्या बसगाड्या जातात. गावातही कॉलेज झाले आहे. खुर्दच्या मुलाची फाइल राहुरीच्या दाखल्याची, बुद्रुकच्या मुलीची राहात्याच्या. अर्ज भरून झाला की दोघेही मोबाइलवर तोच रकाना उघडून पाहतात. अर्ज मंजूर झाला असे तिथे लिहिलेले असते. पैसे कोणत्या तारखेला येतील, हे सांगणारा रकाना त्या पानावर नाही.